दोनशे माणसांच्या गावात उद्योग काढायचाय? आधी हात मोजा, मग खेप

तुमचा प्रश्न थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. पाटण तालुक्यात कोयनेच्या काठावर तीन वाड्यांची मिळून तुमची गट ग्रामपंचायत आहे. मतदार यादीत सहाशे नावं, पण बारमाही राहणारी माणसं दोनशेच्या आत, उघडी दारं साठ. तुम्ही घणसोलीला राहता, मालवाहतुकीच्या कंपनीत नोकरी करता आणि गावासाठी टिकेल असा सामाजिक उद्योग काढावा म्हणता. मध करू, नाचणी करू की होमस्टे? कंपनी काढू की संस्था? पैसा कुठून आणू? नोकरी सोडू का?

जावळी, पाटण आणि खाली शिराळ्याचा डोंगरपट्टा, या भागात मी बावीस वर्षं हेच काम करते आहे. सगळ्या प्रश्नांची उत्तरं देते, पण तुमच्या क्रमाने देत नाही. काय विकायचं हा विरळ वस्तीच्या गावात पहिला प्रश्न नसतो. कामाला किती हात आहेत आणि माल बाजाराला लावायची एक खेप कितीला पडते, ही दोन उत्तरं आधी लागतात. ती हातात आली की काय विकायचं ते बरंचसं ठरून जातं. माझ्या डोळ्यांदेखत बंद पडलेले बहुतेक उद्योग या दोन हिशोबांवर बसले, मालाच्या दर्जावर फार थोडे.

२०११ च्या जनगणनेत सातारा जिल्ह्याची घनता चौरस किलोमीटरला २८७ होती. कराडच्या दाट वस्तीच्या उसाच्या पट्ट्याची आणि विरळ वस्तीच्या कांदाटी खोऱ्याची ती एकत्र सरासरी आहे. आपल्याकडे येणारी प्रत्येक योजना, प्रत्येक प्रशिक्षण आणि प्रत्येक यंत्र कराडकडच्या गावाचा अंदाज धरून आखलेलं असतं. म्हणून दुसऱ्या कुणाचा आराखडा उचलू नका. स्वतःचा करा.

हातांपासून सुरुवात करा. एक वही घ्या आणि साठही घरांत जा. घरात कोण आहे, वय काय, गुडघे धड आहेत का, दिवसातला कुठला वेळ मोकळा, हे लिहून काढा. लावणीच्या दिवसांत कुणाला मान वर करायला सवड नसते. दिवाळीच्या आगेमागे कापणी, मळणी आणि लगेच गवत. उन्हाळ्यात राब भाजायचे, म्हणजे भाताच्या रोपांसाठी जमीन भाजून ठेवायची, पावसाच्या आत सरपण भरायचं, वाळवण उरकायचं. एवढं सगळं वजा केलं की मार्गशीर्षापासून वैशाखापर्यंत शंभरेक दिवस हाताला लागतात, आणि त्या दिवसांतही दुपारचं जेवण उरकल्यापासून गुरं परतेपर्यंतचे अडीच तास. समजा वीस बायका तयार झाल्या. वीस गुणिले अडीच गुणिले शंभर, म्हणजे पाच हजार तास. तुमच्या उद्योगाचं खरं भांडवल एवढंच आहे. बँक कितीही कर्ज देवो, पाच हजार तासांचे सहा हजार होत नाहीत.

आता उलट्या बाजूने धरा. बाईच्या पदरात तासाला ऐंशी रुपये पडावेत असं ठरवलं, तर वर्षाला चार लाख रुपये नुसती मजुरी द्यावी लागेल. ती देऊन बाटली, पिशवी, गाडी, वीज, नासधूस भागायची असेल तर दहा-बारा लाखांची विक्री हवी. म्हणून प्रत्येक जिन्नस एकाच प्रश्नावर घासून बघा: बाईच्या एका तासाला हा काय देतो? पापड सगळ्यांना आधी सुचतात. पण सगळ्यात जास्त हात खाणारा आणि तासाला सगळ्यात कमी देणारा जिन्नस तोच, आणि वर तालुक्याच्या प्रत्येक प्रदर्शनात तो शेजारच्या टेबलावरही मांडलेला असतो.

नाचणीचंही तेच. नाचणीला मागणी चांगली आहे हे खरं. पण तुमच्या वरच्या वाडीत नाचणी कमी का झाली, हे कुणाला तरी विचारा. गवा आणि रानडुकरं उभं पीक लोळवतात आणि रात्री माळ्यावर राखणीला बसायला तरुण माणूस घरात नाही. बियाणं फुकट वाटून हा प्रश्न सुटत नाही. आम्ही एका वाडीत तो असा सोडवला की सात घरांनी आपापल्या तुकड्यांऐवजी एकाच सलग पट्टीत पीक घेतलं आणि राखण पैऱ्याने केली, म्हणजे आज तुझी रात्र, उद्या माझी. इर्जिक, म्हणजे सगळ्यांनी मिळून एकाचं शेत उरकणं, आणि पैरा आपल्याकडे नवे नाहीत. माणसं मुंबईला गेली तसे ते मोडले. ते पुन्हा बसवणं हे तुमच्या उद्योगाचंच काम समजा, भले ताळेबंदात त्याचा रकाना नसो.

आता खेप. इथे तुमची नोकरी कामी येणार आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

समजा वाडीवरून कराडला पिकअप जाऊन यायला अडीच हजार रुपये घेते. तुम्ही शंभर किलो माल घेऊन गेलात तर किलोमागे पंचवीस रुपये गाडीलाच गेले. त्या भावात तांदूळही विकला जात नाही आणि घेवडाही नाही. तीच गाडी सहाशे किलो भरून गेली तर किलोला चार रुपये आणि काही पैसे. ती परतताना रिकामी आली नाही आणि परतीच्या मालावर हजार रुपये सुटले, तर उरलेले दीड हजार सहाशे किलोंवर पसरून अडीच रुपयांवर येतात. पंचवीसचे अडीच! कुठलंही अनुदान, कुठलाही ब्रँड किलोमागे एवढे पैसे वाचवून देत नाही.

सहाशे किलो एका वाडीतून निघणार नाहीत. म्हणून तीन वाड्या आणि शेजारच्या दोन ग्रामपंचायती मिळून आठवड्याचा एक ठरलेला वार धरा. त्या दिवशी गाडी येणार म्हणजे येणार, पाऊस असो नाहीतर लग्नाची तिथी असो. पहिले दोन-तीन महिने गाडी अर्धी जाईल. त्याचा तोटा आधीच हिशोबात धरा, कारण वार चुकला की लोकांचा भरवसा जातो आणि पुन्हा बसायला वर्ष लागतं. गाडीत एकाच जातीचा माल भरायचा हट्ट धरू नका. तांदूळ, घेवडा, मध, अंडी, कोंबड्या, करवंदं, फणस, हंगामात जे असेल ते जाऊ द्या. दाट वस्तीतला उद्योग एकच जिन्नस मोठ्या प्रमाणावर करून जगतो. आपल्याकडचा उद्योग दहा जिन्नस थोडे थोडे करून जगतो, आणि त्या दहांना बांधणारा दोरा म्हणजे ती गाडी.

परतीच्या यादीकडे मी तर जास्त लक्ष देते. एका वाडीची यादी माझ्या वहीत अजून आहे: गॅसच्या टाक्या चार, पेंडीची पोती सहा, बीपीच्या गोळ्या नऊ घरांच्या, एक मोबाईलचा चार्जर, आणि कुण्या लेकाने मुंबईहून कुरिअरने पाठवलेला आईचा चष्मा. त्या गोळ्यांसाठी एकेक म्हातारं माणूस आधी दिवसभराची मजुरी आणि एसटीचं भाडं घालवत होतं, नाहीतर गोळी बंद करत होतं. तुम्ही 'सामाजिक उद्योग' हा शब्द वापरलात. माझ्या लेखी तो या पिशवीत आहे. मालाचे पैसे सुटतात म्हणून गाडी येते आणि गाडी येते म्हणून गोळ्या येतात. दोन्ही एकाच चाकावर. गोळ्यांसाठी वेगळा निधी मागायला गेलात तर तो तीन वर्षांनी संपेल.

म्हसवडच्या माणदेशी महिला सहकारी बँकेकडून शिकायचं तेही हेच. चेतना सिन्हा यांनी १९९७ मध्ये ती उभी केली. सभासद बायकांना लिहिता-वाचता येत नाही म्हणून परवान्याचा पहिला अर्ज फेटाळला गेला, मग त्या बायका शिकल्या आणि पुन्हा गेल्या, ही गोष्ट सगळे सांगतात आणि ती सांगण्यासारखी आहेच. पण धंद्याच्या दृष्टीने मला त्यातलं दुसरं काम मोठं वाटतं. बँकेत यायचं तर बाईचा रोज बुडतो, म्हणून बँक तिच्या दारात आणि बाजारात गेली. अंतराचा खर्च संस्थेने उचलला. माणदेशात पाऊस नाही आणि तुमच्याकडे तो आवरत नाही, तरी अंतराचं गणित दोन्हीकडे सारखं.

आता मध, कारण त्याबद्दल तुम्ही फार आशेने लिहिलं आहे. आशा रास्त आहे. महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर २०२२ मध्ये देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. तिथली बहुतेक घरं मधपाळ आहेत आणि खादी ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय महाबळेश्वरातच आहे. प्रशिक्षण तिथेच घ्या. तासाच्या हिशोबातही मध बसतो, पेटी रोज दिवसभर माणूस मागत नाही. पण तीन गोष्टी आधीच सांगते. आपली सातेरी माशी पावसाळ्यात उपाशी राहते, तेव्हा साखरेचा पाक दिला नाही तर वसाहत उठून जाते, म्हणजे उत्पन्न नसलेल्या महिन्यांत खर्च आहे. दुसरं, जिच्यावर माशी भरपूर मध करते ती कारवीची झुडपं सात-आठ वर्षांनी एकदाच फुलतात. फुलोऱ्याच्या वर्षीचा मध पाहून कर्जाचे हप्ते बांधलेली घरं मी पुढच्या वर्षी अडचणीत आलेली पाहिली आहेत. हिशोब जांभूळ-हिरड्याच्या साध्या वर्षाचाच धरा.

तिसरी गोष्ट पाण्याची. मधात ओलावा वीस टक्क्यांच्या वर असला की तो नियमात बसत नाही आणि बाटलीत आंबतो. एका मेमध्ये वळवाची धास्ती घेऊन एका मावशींनी पोळं मेणाने झाकलं जाण्याआधीच मध काढला. ओलावामापकाच्या काचेवर थेंब टाकला, नळी उन्हाकडे धरली, तेवीस. अकरा किलो मध होता. मी तो घेतला नाही. परत फिरताना त्यांच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं, आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. पण त्या दिवशी घेतला असता तर अख्ख्या गावाची बाटली बदनाम झाली असती. पुढच्या हंगामात आम्ही ती नळी त्यांच्याच हातात दिली. आता गावचा मध त्याच तपासतात. मागच्या साली सख्ख्या दिराचा डबा त्यांनी माझ्यासमोर परत केला: "भावजी, बावीस हाय. पोळं झाकू द्या, मग आणा." दर्जा सांभाळायला बाहेरचा तपासनीस नेमू नका. गावातल्या, शक्यतो एकदा माल परत गेलेल्या माणसाला नेमा.

यंत्राबद्दल एक अनुभव. एका वाडीला एका कार्यालयाने नाचणी भाजायचं आणि दळायचं मोठं यंत्र मंजूर केलं. यंत्र आलं, नारळ फुटला. ते थ्री फेजवर चालणारं आणि वाडीत सिंगल फेज. लाइन ओढायचा खर्च यंत्राच्या किमतीपेक्षा जास्त निघाला. दोन पावसाळे ते ताडपत्रीखाली गंजलं, गटाच्या नावावर कर्जाचा भाग राहिला आणि बायकांनी रोजंदारीवर जाऊन तो फेडला. त्यांची चूक एवढीच की समोरच्याने विचारलं नाही तेव्हा त्यांनी आपणहून सांगितलं नाही. म्हणून २०२० पासूनची सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजना असो, की यंत्रावर ३५ टक्के अनुदान देणारी दुसरी कुठली, अर्ज करण्याआधी वाडीतला विजेचा दाब, दुरुस्तीवाला किती लांब आणि वर्षातले किती तास यंत्र चालेल, हे तीन आकडे कागदावर आणा. पाच हजार तासांच्या गावाला बहुतेक वेळा दोन घरघंट्या पुरतात.

होमस्टेचं थोडक्यात. पहिली दोन वर्षं नको. वरती धो धो पाऊस आणि एप्रिलमध्ये झरा आटलेला, ही आपल्या डोंगरातल्या कितीतरी वाड्यांची अवस्था. पाहुणा आला की घरच्या बाईच्या डोक्यावरचे हंडे वाढतात. झऱ्याचं काम आधी, खोल्या नंतर, आणि त्याही गावभरात चार-पाच. कासच्या फुलांच्या पठारावर दिवसाला तीन हजार पर्यटकांची मर्यादा घालावी लागली, ती गर्दीने फुलं तुडवली गेल्यावर. तुम्ही ही मर्यादा पहिल्या खोलीआधीच ग्रामसभेत ठरवून घ्या. तुमची शीव सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाला लागून असेल तर वनखात्याचे नियमही आधी लेखी मागून घ्या. बांधल्यावर पाडायला लागू नये.

पैसा. तुमच्याकडे एक भांडवल आहे ज्याचा प्रश्नात उल्लेखच नाही: तुमचं मुंबईचं ग्राममंडळ. पाटणची माणसं दोन-तीन पिढ्या मशीद बंदरपासून नवी मुंबईच्या बाजारापर्यंत माथाडी म्हणून राबली. १९६९ चा माथाडी कायदा ज्यांच्या लढ्यातून आला ते अण्णासाहेब पाटीलही याच तालुक्यातले. या माणसांनी गावाला देऊळ दिलं, कमान दिली. देणगी मागायला गेलात तर ती पुन्हा देतील. पण मागू नका. त्यांच्याकडून आगाऊ मागणी घ्या. जत्रेला सगळे गावात असतात, तेव्हा प्रत्येक मुंबईकर घराकडून वर्षाच्या तांदळाचे, घेवड्याचे आणि मधाचे निम्मे पैसे आधी घ्या आणि तारीख सांगून माल पोचवा. हेच तुमचं खेळतं भांडवल, बिनव्याजी, आणि गिऱ्हाईकही बांधलेलं. एक अट मात्र पाळा, यावरून वाद झाला तरी: गटात मत फक्त वर्षातले आठ महिने गावात राहणाऱ्यांना. मुंबईत बसून ठरवायचं आणि गावात म्हातारीने राबायचं, हे मी होऊ दिलेलं नाही.

घेवड्यावरून आठवलं, पिशवीवर 'वाघ्या घेवडा' छापू नका. कोरेगावच्या वाघ्या घेवड्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, ते नाव त्यांचं. तुमच्या खोऱ्याचं नाव लावा.

कंपनी की संस्था? सध्या दोन्ही नको. उमेदखाली, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाखाली, बचत गट काढा, दुर्गम भागात पाच जणींचाही चालतो. अन्नपरवान्याची साधी नोंदणी गटाच्या नावावर घ्या. शेतकरी उत्पादक कंपनी कायद्याने दहा जणांत होते, पण केंद्राच्या योजनेतला लाभ हवा तर मैदानी भागात ३०० सभासद लागतात, डोंगरी भागाला १०० ची सवलत आहे, तुमचा तालुका त्यात धरतात का हे लेखी विचारा. सीएची फी, ऑडिट, दरवर्षीचे अर्ज हे सगळं वीस-पंचवीस लाखांच्या उलाढालीआधी अंगावर घेऊ नये, असं माझं मत.

ग्रामपंचायतीकडून रोख पैशाची फार अपेक्षा ठेवू नका. वित्त आयोगाच्या वाटपात लोकसंख्येचं वजन सगळ्यात जास्त, त्यामुळे माणसं कमी तिथे निधी कमी, मग रस्ता आणि पाइपलाइन कितीही लांब असो. पण ग्रामपंचायत जागा देऊ शकते, ठराव देऊ शकते, विकास आराखड्यात तुमचं काम घालू शकते. आणि लहान असण्याचा एक फायदा आहे जो मोठ्या गावाला कधीच मिळत नाही: सगळं गाव एका बैठकीत मावतं. ढेबेवाडी खोऱ्यातली मान्याचीवाडी २०२४ मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम झाली, ती शंभरेक घरांची वाडी म्हणून. तिथे एकदा जाऊन या, सरपंचांशी बोला.

वाटपाचा नियम पहिल्याच दिवशी लिहून काढा. ज्या घराला जमीन नाही त्याला काय मिळणार, हे त्यात असलंच पाहिजे. सांगली जिल्ह्यात खानापूर तालुक्यात तांदुळवाडीला येरळा नदीवर लोकांनी बळीराजा धरण उभं केलं, तेव्हा पाण्याचा वाटा भूमिहीनांनाही धरला होता. तुमच्याकडे धनगरवाडा असेल, तर त्यांची घरं गाडीच्या रस्त्यापासून सगळ्यात लांब असते आणि नावं यादीत सगळ्यात शेवटी येतात. गाडी तिथवर जात नसेल तर डोक्यावरून माल आणायची मजुरी खेपेच्या खर्चात धरा, त्यांच्या भावातून कापू नका. कोयनेच्या पाण्यावर १९६० मेगावॅट वीज होते, वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या फिरतात, आणि त्या पाण्याच्या, त्या पठाराच्या काठची घरं रिकामी होतात. या खोऱ्यातून खूप काही बाहेर गेलं आहे. आपण काढलेल्या उद्योगात तरी पैसा सगळ्यात लांबच्या घरापर्यंत पोचला पाहिजे, याबाबतीत मी कुणाचं ऐकत नाही.

नोकरी एवढ्यात सोडू नका. एक वर्ष दर महिन्याला चार दिवस या, त्यात गाडीचा वार धरून या. पहिल्या खेपेला वही घेऊन साठ घरं फिरा. दुसऱ्या खेपेपासून पिकअपमध्ये ड्रायव्हरशेजारी बसा आणि चढलेलं-उतरलेलं प्रत्येक पोतं लिहा. ड्रायव्हर गावातलाच निवडा, त्याला महिन्याची ठरावीक रक्कम द्या आणि ती वेळेवर द्या, सगळी घडी त्याच्यावर उभी राहणार आहे. बारा महिन्यांची वही भरली की माझ्याकडे घेऊन या, साताऱ्यात दोघं बसून आकडे लावू. तेव्हा तुमचा पगार त्यातून निघतो का, हेही दिसेल. बहुधा पहिली तीन वर्षं अर्धाच निघेल, तर घरी वहिनींशी हे आत्ताच स्पष्ट बोलून ठेवा, आणि मुलांची शाळा कुठली हेही त्याच बैठकीत ठरवा.